मदत हवी आहे: या शनिवार-रविवारी शांत समुद्रकिनारा, अर्जंट!

निवांत_नाही
लोकहो, पटकन सांगा. या शनिवारी सकाळी निघून सोमवारी दुपारपर्यंत मुंबईत परत. समोर समुद्र हवा, गर्दी नको, डीजे तर नकोच. जुलै संपत आलाय, म्हणजे रेट उतरलेले असणारच. गूगलवरचे सगळे फोटो मे महिन्यातले. कुठलं रिसॉर्ट घेऊ?

पश्चिमवारा
मुंबई म्हणजे नक्की कुठून? किती जण? गाडी आहे का? बजेट?

कोकणवेडा७७
दिवेआगर. डोळे झाकून जा. माणगाव, म्हसळा करत पोचायचं आणि खानावळीत उकडीचे मोदक आधी सांगून ठेवायचे.

निवांत_नाही
तिघं. गाडी नाही.

मांडवेकर
मग अलिबाग-नागाव. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, पण भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) चालू असते. तासाभरात मांडवा. समुद्र फारच खवळला तर तीही रद्द होते, तेव्हा आदल्या रात्री बघून घ्या. जंजिरा वगैरे डोक्यातून काढा, पावसात बंद.

निवांत_नाही
भाऊचा धक्का?? अहो, मी दहिसरला राहते.

पश्चिमवारा
हे आधी सांगायला काय झालं होतं! बोरिवलीहून डहाणू लोकल, केळवे रोडला उतरून रिक्षा. किनाऱ्यावर सुरूचं बन आहे, शितलादेवीचं देऊळ आहे. गाड्या मोजक्याच, वेळापत्रक पाहून निघा.

मांडवेकर
केळवे आणि शांत? रविवारी अर्धं वसई-विरार तिथेच असतं.

पश्चिमवारा
आणि अलिबागला काय ध्यानधारणा चालते का?

चिंबोरीप्रेमी
३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी आहे. ताजं पापलेट म्हणून जे ताटात येईल ते बर्फातलं. मागायचीच तर खाडीची कोळंबी मागा, चिंबोऱ्या मिळाल्या तर नशीब.

निवांत_नाही
माशांचं मी विचारलंच नाहीये.

घाटावरचा
लोणावळा का नको? धुकं, कणीस, गरम भजी.

सुगरण_माहीम
बाई, कॅलेंडर बघितलंत का? हा गटारीचा शनिवार-रविवार आहे. ऑफ सीझन म्हणे! आमच्या सोसायटीतल्या पोरांनी दोन बंगले कधीच अडवून ठेवलेत, स्पीकरसकट.

निवांत_नाही
अरे देवा. आईला घेऊन जातेय, तिचे गुडघे गेलेत. तळमजल्याची खोली हवी आणि बाथरूमला पायरी नको.

पश्चिमवारा
हे आत्ता सांगताय?

बोर्डीची_लेक
मग बोर्डी बघा. डहाणू रोडला उतरून पुढे रिक्षा. ओहोटीला पाणी खूप आत जातं, त्यामुळे समोर लाटांऐवजी चिखल दिसला तर तक्रार नको. चिकूच्या वाड्यांमधल्या घरगुती खोल्या बऱ्याचदा बैठ्या असतात. पण बुकिंगच्या ॲपवर विसंबू नका, थेट फोन करा आणि विचारा: स्वयंपाकघर चालू आहे का? सध्या लावणीचे दिवस. आचारी नि वाढपी आपापल्या शेतात भात लावत असतात. खोली मिळते, पण जेवायला मॅगी. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो की नुसता दिवा, तेही विचारा. आणि गाद्या. पावसाळ्यात खोल्या बंद राहिल्या की गाद्यांना असा कुबट वास धरतो की खिडकी उघडावी तर पाऊस आत, लावावी तर जीव गुदमरतो.

घाटावरचा
लोणावळ्यात हे प्रश्न येत नाहीत.

चिंबोरीप्रेमी
बोर्डीजवळचं घोलवड. तिथल्या चिकूला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं.

मांडवेकर
चिकू खायला कोण चाललंय?

निवांत_नाही
बोर्डीला एका ठिकाणी फोन लागला. तळमजला आहे, जेवण मालकीणबाई स्वतः करतात. मात्र शनिवारी बाजूच्या बंगल्यात वीस जणांचा ग्रुप येतोय, हे त्यांनीच सांगितलं. पुढच्या आठवड्याचं ठरवतेय. तोवर श्रावण लागेल आणि बंदीही उठलेली असेल, पण आई महिनाभर मासे खात नाही.

चिंबोरीप्रेमी
तुम्ही तर खाता ना?

कोकणवेडा७७
मी पहिल्यांदाच दिवेआगर म्हटलं होतं.