मदत हवी आहे : पक्षांनी आर्थिक भूमिकांची अदलाबदल केली, हे मुलीनं मांडायचं कसं?

नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. मुलगी अकरावीला आहे. येत्या शनिवारी तिची वादविवाद स्पर्धा आहे. विषय आहे 'प्रमुख राजकीय पक्षांनी आर्थिक भूमिकांची अदलाबदल केली आहे' आणि चिठ्ठीत तिला विषयाच्या बाजूनं बोलायचं आलंय. वेळ पाच मिनिटं. चार दिवस रात्री जेवणं उरकली की आम्ही दोघी यावर बसतोय. माहिती भरपूर मिळाली, पण ती विषयाला धरून उभी राहत नाहीये.

तिनं सुरुवात छान केली होती. काँग्रेस समाजवादी वळणाची, म्हणून १९५५चं आवडी अधिवेशन (समाजवादी धर्तीचा समाज हे ध्येय ठरलं ते) आणि १९६९चं बँक राष्ट्रीयीकरण. जनसंघाचा, म्हणजे भाजपच्या आधीच्या पक्षाचा, त्या राष्ट्रीयीकरणाला विरोध. मग १९९१ला नरसिंह राव आणि मनमोहन सिंग यांनी परवाना पद्धत मोडली आणि त्याच वर्षी संघ परिवारातून परकीय कंपन्यांना विरोध करणारा स्वदेशी जागरण मंच उभा राहिला. "झाली की गं आई अदलाबदल!" मलाही पटलं. पण दहा वर्षांनी वाजपेयी सरकारनं निर्गुंतवणुकीचं (सरकारी कंपन्या विकण्याचं) वेगळं खातं काढून २००१ला बाल्को ही सरकारी ॲल्युमिनियम कंपनी विकली, तेव्हा काँग्रेस विरोधात. म्हणजे दोघंही परत आपापल्या जागी?

२०१२ला मनमोहन सरकारनं किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी दिली. त्या डिसेंबरात लोकसभेत तेव्हा विरोधात असलेल्या भाजपच्या सुषमा स्वराज यांनी अडत्यांची बाजू घेतली. लहानपणी वडिलांबरोबर शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला जायचे. अडत्याकडून अडीनडीला उचल मिळायची हे डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे तो मुद्दा मला लगेच भिडला. पुढं २०२०ला भाजपच्याच सरकारनं बाजार समितीबाहेरची खरेदी-विक्री खुली करणारा कायदा आणला. काँग्रेसनं त्याला विरोध केला, आणि २०१९च्या स्वतःच्या जाहीरनाम्यात तर तिनं बाजार समिती कायदाच रद्द करू असं लिहिलं होतं.

उसाचं तर आमच्या घरचंच उदाहरण. २०१३ला काँग्रेस आघाडीच्या सरकारनं रंगराजन समितीच्या शिफारशींवरून लेव्ही साखर (कारखान्यांनी रेशनसाठी सरकारला स्वस्तात द्यायची ती) बंद केली, सरकारनं ठरवायचा विक्रीचा कोटाही काढला. जून २०१८ला भाजप सरकारनं साखरेला किमान विक्री दर बांधून दिला, किलोला २९ रुपये (फेब्रुवारी २०१९ला ३१), आणि कारखान्यांना महिन्याचा कोटा परत लावला. खुल्या बाजाराचा म्हणवणारा पक्ष दर बांधतो आणि समाजवादी म्हणवणारा बंधनं काढतो, याहून सरळ उदाहरण मला तरी सापडलं नाही.

हे वाचून दाखवल्यावर मामंजी म्हणाले, "यात अदलाबदल कुठं हाय? सत्तेत असला की एक बोलतोय, सत्ता गेली की दुसरं." ते जुने शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे. त्या पक्षाचे नेते एन. डी. पाटील यांच्या मागं टोलच्या मोर्चांत चाललेत. शहरातल्या रस्त्यांचा टोलचा करार काँग्रेस-राष्ट्रवादीच्या काळातला. भाजपनं २०१४ला टोलमुक्तीचं आश्वासन दिलं आणि २०१५च्या अखेरीस कोल्हापूरचा टोल गेला. "आता तेच लोक सत्तेत हायत, तर दुसरीकडचे सगळे टोलनाके का हाललं नाहीत?" याला मुलीकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नव्हतं.

पेन्शनचं तर मी स्वतः भोगतेय. माझी नेमणूक २००८ची. केंद्रात नवी पेन्शन (पगारातून वर्गणी कापून गुंतवायची, ठरलेल्या रकमेची हमी नसलेली) वाजपेयी सरकारनं १ जानेवारी २००४ पासून लागू केली. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून लावली ती काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारनं. त्याआधी लागलेल्या माझ्या शेजारच्या बाईंना जुनी पेन्शन मिळणार, मला नाही. मार्च २०२३च्या संपात मी होते. तोवर काँग्रेसनं राजस्थान, छत्तीसगड, हिमाचलमध्ये जुनी पेन्शन परत आणायला घेतली होती. त्यांचे इथले कार्यकर्ते आमच्या मंडपात येऊन पाठिंबा देऊन गेले. मला बरं वाटलं आणि रागही आला.

तर दोन गोष्टी हव्या आहेत. मामंजींचं खरं असेल तर मुलीनं विषयाच्या बाजूनं प्रामाणिकपणे काय बोलावं? न पटलेलं तिनं घोकून म्हणावं, असं मला वाटत नाही. आणि सत्तेत असताना व नसतानाही एखाद्या पक्षानं एकच आर्थिक भूमिका ठेवली, असं उदाहरण कुणाला माहीत आहे का? आम्हाला नाही सापडलं.

प्रतिसाद

ताई, भाषण आणि मतदान वेगळं काढून बघा. नव्या पेन्शनवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचा कायदा २०१३ला काँग्रेस आघाडीनं मांडला, भाजपनं पाठिंबा दिला. त्याच वर्षीच्या भूसंपादन कायद्यालाही भाजपचा पाठिंबा होता. डिसेंबर २०१४ला त्यांच्याच सरकारनं त्यातली जमीनमालकांच्या संमतीची अट काही प्रकल्पांसाठी काढणारा अध्यादेश आणला, तो पुढं सोडून द्यावा लागला. वस्तू व सेवा कराला गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या भाजप सरकारांनी आधी विरोध केला होता. त्याची घटनादुरुस्ती २०१६ला राज्यसभेत २०३ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाली. मोठ्या कायद्यांवर दोघं बहुतेक वेळा एका बाजूला बसलेले दिसतात. पण हा मुद्दा मुलीच्या विरोधात जातो. समोरचा स्पर्धक तो काढणारच, म्हणून तिला आधीच माहीत असू दे.

प्रतिसाद

लाडकी बहीण घ्या की ताई. जुलै २०२२ला पंतप्रधानांनी रेवडी वाटण्यावर, म्हणजे मतांसाठी फुकट देण्यावर, टीका केली. २०२३ला मध्य प्रदेशात लाडली बहना, २०२४ला आपल्याकडं दीड हजार. महाविकास आघाडीनं मग निवडणुकीत तीन हजार कबूल केले. माझ्या घरात दोघींना मिळतात. त्या पैशानं पोरांच्या फिया भागतात, म्हणून मी त्याला रेवडी म्हणत नाही. पण भूमिका फिरली ती फिरलीच.

प्रतिसाद

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला अर्धं उत्तर आहे. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीनं राज्य कर्मचाऱ्यांना नवी पेन्शन लावलीच नाही. केंद्रात कुणीही असो, त्यांचा विरोध कायम राहिला. अर्धं अशासाठी की त्याच सरकारनं सिंगूरला मोटार कारखान्यासाठी शेतजमीन घेतली आणि शेतकऱ्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या ममता बॅनर्जी. एका प्रश्नावर ठाम राहिलेला पक्ष दुसऱ्यावर सरकतो. मुलीला सांगा, अख्ख्या पक्षाची अदलाबदल सिद्ध करायला जाऊ नको. साखर आणि बाजार समिती एवढी दोनच उदाहरणं घे आणि त्यांत खोल जा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तिनं भाषण नव्यानं लिहिलं. १९५५ आणि १९६९ दोन वाक्यांत उरकलं. साखरेला दोन मिनिटं दिली. आता ती असं मांडतेय की अदलाबदल झाली आहे, ती प्रत्येक वेळी सरकार बदलताना झाली आहे आणि सरकारं बदलली तशी ती पुन्हा उलटली आहे. विषयात 'कायमची' हा शब्द नाही, हे तिनंच दाखवून दिलं. मामंजींनी पूर्ण ऐकलं आणि टोलचा मुद्दा का गाळला म्हणून विचारलं. तो आता शेवटी घेतलाय.

एकच अडलंय. एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा केंद्रानं ठरवलेला किमान दर) २०१८-१९ला टनाला २७५० रुपये होती, २०२५-२६ला ३५५० आहे. पण आधी ती १० टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) होती, आता १०.२५ला. ही तुलना पंधरा सेकंदांत श्रोत्यांना कशी सांगावी? शुक्रवार संध्याकाळपर्यंत कुणी सुचवलं तर उपकार होतील.