टोनोपाची धावपट्टी नेमकी कोणाची?

लष्करकर : परवा येथे एका सदस्याने लिहिले की, नेवाड्यातील टोनोपाचा लष्करी विमानतळ 1982 मध्ये एफ-117 या रडारला सहज न दिसणाऱ्या अमेरिकी विमानासाठी वाळवंटात उभारला गेला. वाचून राहवले नाही. कॅलिफोर्नियातील सॅल्टन सरोवराकाठचे चाचणीक्षेत्र सोयीचे राहिले नाही, म्हणून अमेरिकेची अण्वस्त्रे घडवणाऱ्या सँडिया प्रयोगशाळेने 1957 पासून टोनोपाजवळच्या कॅक्टस फ्लॅटच्या सपाटीवर काम सुरू केले. अणुबाँब प्रत्यक्ष न फोडता तो विमानातून सुटल्यावर कसा पडतो, त्याची हवाई छत्री वेळेवर उघडते की नाही, हे तेथे तपासले जाई. धावपट्टी त्या कामाच्या दिमतीला होती.

मिराजप्रेमी : ते विधान माझेच. 'उभारला' हा शब्द मागे घेतो, अर्थ मात्र नाही. एफ-117 नसते तर त्या धावपट्टीचे नाव आपण ग्वाल्हेरात बसून घेतले असते का? काळोख पडेपर्यंत हँगरची दारे बंद, सोमवारी लास वेगासहून आलेले वैमानिक शुक्रवारी परत जाणार आणि घरी बायकोलाही काही सांगायचे नाही, असे कित्येक वर्षे चालले. 10 नोव्हेंबर 1988 पर्यंत सरकारने हे विमान अस्तित्वात असल्याचेही मान्य केले नव्हते. इतिहास याला म्हणतात.

लष्करकर : त्याआधी 1979 पासून तेथे 4477 क्रमांकाचे पथक सोव्हिएत मिग विमाने उडवत होते. 1988 पर्यंत त्यांनी 15,000 हून अधिक उड्डाणे करून अमेरिकी वैमानिकांना शत्रूच्या विमानाशी झुंजायला शिकवले. आपले एफ-117 नंतर आले आणि 1992 मध्ये न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर गेलेही. दहा वर्षांच्या भाडेकरूने वाड्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावू नये.

मुरारकर : गुप्ततेचे एवढे कौतुक कशाला? 26 फेब्रुवारी 2019 च्या पहाटेआधी ग्वाल्हेरच्या महाराजपुरा हवाई तळावरून मिराज लढाऊ विमाने उडाली, तेव्हा गोला का मंदिरजवळच्या आमच्या घरी मांडणीतल्या कपबश्या किणकिणत होत्या. सासूबाई उठून बसल्या आणि 'आज फारच आहे' एवढेच म्हणाल्या. बालाकोट सकाळी टीव्हीवर कळले. आवाज आमच्या साऱ्या मुरार उपनगराने ऐकला, अर्थ कोणालाच लागला नाही. शिवाय तेव्हा भिंतीला गेलेली चीर आजही तशीच आहे. तक्रार करायची कोणाकडे?

मिराजप्रेमी : चर्चा टोनोपाची आहे, आपल्या भिंतीची नाही. आवाज सोसत नसेल त्याने धावपट्टीशेजारी प्लॉट घेऊच नये. महाराजपुऱ्याचा विमानतळ 1942 चा आहे.

मुरारकर : भाषा जपून वापरावी. प्लॉट सासऱ्यांनी 1978 मध्ये घेतला, मिराज आली 1985 मध्ये. लष्करकरांच्याच हिशेबाने भाडेकरू कोण, ते आपणच सांगावे!

लष्करकर : मला मध्ये ओढू नये, पण हिशेब बरोबर आहे.

जीवाजीगंजची सून : तिन्ही भाऊसाहेब विमानांतच अडकले आहेत, जमिनीकडे कोणाचेच लक्ष नाही. 1963 च्या मे-जूनमध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्या परिसरात चार प्रयोग केले. त्यांतले 'क्लीन स्लेट' नावाचे तीन टोनोपाच्या चाचणीक्षेत्रातच झाले. अण्वस्त्राला अपघात झाला तर काय होईल हे पाहण्यासाठी साध्या स्फोटकांनी प्लुटोनियम मुद्दाम उधळले आणि वाऱ्याच्या दिशेला कुत्री, मेंढ्या, गाढवे बांधून ठेवली. नाव पाहा, 'कोरी पाटी'! ती पाटी पुसण्याचे काम पुढे कित्येक दशके पुरले. माझे वडील आयुष्यभर तलाठी होते. सातबाऱ्यावर मालक बदलतात, पण जमिनीत मुरलेले बदलत नाही, असे ते म्हणत. विमानतळाचा इतिहास लिहायचा तर आधी हे लिहा.

मिराजप्रेमी : बरे बाई, 1957 मान्य, 1963 मान्य, मिगही मान्य. आता एवढेच सांगा : 2008 मध्ये निवृत्त झालेली एफ-117 विमाने ठेवायला टोनोपाचेच जुने हँगर का लागले? पाहुणा म्हातारपणी यजमानाकडे राहायला येत नाही.

लष्करकर : दारे आधीच त्यांच्या मापाची होती, म्हणून. मालकी त्याने ठरत नाही.

मुरारकर : आणि माझी चीर?