'फोर्ट' म्हणजे दर वेळी किल्लाच का?

रानवाटा: फ्लोरिडातल्या सेमिनोल युद्धांवर, म्हणजे तिथल्या सेमिनोल आदिवासींशी अमेरिकेच्या झालेल्या युद्धांवर, मराठीत लिहितेय. 'फोर्ट किंग'चं सरळ 'किंग किल्ला' करून टाकलं, तर पहिल्याच वाचकाने विचारलं, "किती बुरूज? महादरवाजा कुठल्या तोंडाचा?" आता तिथे दगडाचा चिरासुद्धा नाही हो! आजच्या ओकाला शहराजवळ 1827 मध्ये अमेरिकी लष्कराने उभारलेलं हे ठिकाण. सोटे उभे पुरून केलेलं कुंपण, आत बराकी, झालं. याला काय म्हणावं?

मोडीवाला: मेढेकोट म्हणा, ताई. मेढी रोवून केलेला कोट. जुना, अस्सल शब्द आहे. 'लकडकोट'ही चालेल, पण मेढेकोट म्हटलं की उभे रोवलेले खांब डोळ्यांपुढे येतात. आणि हा भेद इथे फार कामाचा आहे. सेंट ऑगस्टीनचा स्पॅनिशांनी बांधलेला किल्ला शिंपल्यांच्या दगडाचा, तो आजही उभा आहे. फोर्ट किंग मात्र 1836 मध्ये लष्कराने सोडला आणि सेमिनोलांनी जाळून टाकला. 1837 मध्ये सैन्य परत आलं आणि तिथेच दुसरा बांधला. 'किल्ला जाळला' म्हटलं तर मराठी वाचक अडखळेल, मेढेकोट जाळला म्हटलं की प्रश्नच मिटला.

सातारकर: बांधणीपुरता मेढेकोट मान्य. पण ते होतं कशासाठी? माझ्या मते ते *ठाणं* होतं. 1823 च्या मोल्ट्री क्रीक तहाने सेमिनोलांना फ्लोरिडाच्या मधल्या भागातली राखीव जमीन नेमून दिली. त्यांच्यावर देखरेख ठेवणारी सरकारी एजन्सी तिथे बसली आणि तिच्या पाठीशी हे सैन्य. मुलूख हाताखाली राहावा म्हणून ठाणं बसवतात, तोच प्रकार. मधे तर 1829 ला सैन्य उठवलं आणि 1832 ला परत आणून बसवलं. किल्ल्याचं असं होत नाही, ठाण्याचं होतं.

कोल्हापुरी: 'ठाणं' लिहिलंत तर निम्मे वाचक एफआयआर नोंदवायला जातील. 😄 'लष्करी ठाणं' करा. बाकी 'इंडियन एजंट'चं काय करणार? नुसतं 'एजंट' म्हणजे विमावाला. आमच्याकडे संस्थानाच्या डोक्यावर पोलिटिकल एजंट असायचा, काम काहीसं त्याच जातीचं. 'सरकारी एजंट' बरं पडेल.

रानवाटा: एजंट वायली थॉम्पसन. त्यानेच 1835 मध्ये सेमिनोलांचा पुढारी ओसिओला याला बेड्या घालून फोर्ट किंगमध्ये डांबलं होतं. 28 डिसेंबरला थॉम्पसन एका लेफ्टनंटबरोबर जेवणानंतर फिरायला तटाबाहेर पडला आणि दबा धरून बसलेल्या ओसिओलाच्या माणसांनी दोघांना गोळ्या घातल्या. बरीचशी शिबंदी नुकतीच दुसऱ्या ठाण्यावर गेलेली, त्यामुळे आतले लोक आतच राहिले. पुढे 'सटलर' मारला गेला. हा सैनिकांना माल विकणारा खासगी दुकानदार, दुकानही तटाबाहेर. 'वाणी' लिहू?

मोडीवाला: वाणी गावातला. फौजेला शिधासामग्री पुरवणारा तो मोदी. पण मोदी आता आडनाव झालंय, गोंधळ होईल. 'छावणीचा दुकानदार' लिहा. 'शिबंदी' मात्र झकास, ती बदलू नका.

रानवाटा: मेजर डेडची शंभरावर सैनिकांची तुकडी आधीच टॅम्पाच्या फोर्ट ब्रूकहून फोर्ट किंगकडेच निघालेली होती. त्याच 28 डिसेंबरला वाटेत, आजच्या बुशनेलजवळ, सेमिनोलांच्या हल्ल्यात जवळजवळ सगळी कापली गेली. इंग्रजीत 'मॅसॅकर' म्हणत आले आहेत. कत्तल?

सातारकर: नको. कत्तल निःशस्त्रांची. हे बंदुका आणि तोफ घेऊन निघालेले सैनिक होते, गाफील सापडले. आपल्याकडे याला सरळ 'छापा' म्हणतात. फार तर 'छापा घालून तुकडी बुडवली'. तिथल्या सरकारी उद्यानाच्या नावातही आता रणभूमी आहे, कत्तल नाही. माझा खरा आक्षेप 'रिमूव्हल'च्या भाषांतरावर. 1830 चा 'इंडियन रिमूव्हल' कायदा अनेक ठिकाणी 'स्थलांतर कायदा' म्हणून येतो. स्थलांतर पक्षी करतात, ऊसतोड कामगार करतात, भले नाइलाजाने का असेना. इथे सैन्य लावून लोकांना मिसिसिपीपलीकडे घालवलं. 'हकालपट्टी' लिहा, नाहीतर 'सक्तीचं' तरी लावा पुढे. ओसिओलाला 1837 मध्ये पांढऱ्या निशाणाखाली बोलणीला आलेला असताना पकडलं, त्याला 'अटक' म्हणू नका, 'दगा देऊन पकडलं' म्हणा.

कोल्हापुरी: मग 1842 ला युद्ध संपल्यावर त्या मेढेकोटाचं काय झालं?

रानवाटा: 1844 च्या सुमारास मॅरियन काउंटीचं कोर्ट तिथे भरायचं. पुढे लोकांनी लाकूडफाटा उचकटून घरांना वापरला. आत्ता दिसतं ते 2017 मध्ये नव्याने उभारलेलं. 'काउंटी'ला जिल्हा करू ना?

मोडीवाला: काउंटीच राहू द्या. आपला जिल्हा म्हटला की कलेक्टर शोधतील. कोर्टाला हवं तर 'कचेरी' करा.