मदत हवी आहे: आकाशातल्या अनोळखी दिव्याची नोंद कुणाकडे द्यावी?

नमस्कार. मी ठाण्यात मानपाड्याला राहतो. गेल्या मंगळवारी रात्री ९.५० ते १०.१५ या वेळात येऊरच्या डोंगरमाथ्यावर, पश्चिमेला, एक नारिंगी दिवा दिसला. गच्चीवरच्या टाकीच्या पाइपाशी नजर लावून मी पाइपावर खडूने खूण केली आणि तिथूनच शेवटपर्यंत पाहत राहिलो. पंचवीस मिनिटांत दिवा खुणेवरून तसूभरही हलला नाही. मग मंदावत विझला.

खूण करण्याचे कारण लडाखचे प्रकरण. २०१२-१३ मध्ये तिथे सीमेवरील जवानांनी नोंदवलेले प्रकाश खगोलशास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा ते गुरू आणि शुक्र निघाले. मात्र इथे ग्रह असता, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो एवढ्या वेळात सुमारे सहा अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या तीन-चार बोटांइतका, खाली उतरला असता. स्टारलिंक या इंटरनेट सेवेच्या उपग्रहांची माळ तर सरकताना दिसते. येऊरवर हवाई दलाचे ठाणे आहे, पण तिथला नेहमीचा दिवा असता तर नंतरच्या चार रात्रीही दिसायला हवा होता. सौ.चे मत ड्रोन असे आहे आणि ड्रोनची बॅटरी साधारण तेवढाच वेळ टिकते हे पाहता मलाही तेच रास्त वाटते. परग्रहवासीयांचा विषय कृपया इथे नको.

अमेरिकेच्या हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या आकाशातल्या अनोळखी वस्तूंच्या तपासात १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी झाल्या आणि त्यांतल्या ७०१ चा उलगडा झाला नाही. फ्रान्समध्ये अंतराळ संस्थेचाच एक विभाग सामान्य नागरिकांच्या अशा नोंदी घेतो, त्यांची चार गटांत वर्गवारी करतो आणि फायली लोकांसाठी खुल्या ठेवतो. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये इम्फाळ विमानतळावर अनोळखी वस्तू दिसल्यावर उड्डाणे थांबवून राफेल विमाने शोधाला पाठवली गेली होती, पण तिथे प्रश्न हवाई वाहतुकीचा होता. माझ्यासारख्या गच्चीवरच्या माणसाने लेखी नोंद द्यायची ती कुठे? जवळच्या पोलीस ठाण्यात विचारले, तेव्हा ठाणे अंमलदारांनी “काही चोरीला गेलंय का?” असे विचारले. त्यांचेही बरोबरच आहे म्हणा.

हवाई वाहतूक किंवा संरक्षण खात्याशी असा पत्रव्यवहार कुणी केला असल्यास अर्जाचा मसुदा आणि कार्यालयाचे नाव कृपया सांगावे. तसेच घोडबंदर रस्ता, वसंत विहार किंवा पोखरण परिसरातून त्या रात्री कुणी हा दिवा पाहिला असल्यास आपली जागा आणि दिवा कोणत्या दिशेला दिसला ते लिहावे. दोन ठिकाणांहून दिशा मिळाल्या, तर रेषा जुळवून दिव्याचे अंतर काढता येईल.