भाड्याचं घर आणि वायरिंग : तपासून घेतलं का? अनुभव लिहा

धागा का काढतेय ते आधी सांगते. मुंबईत भाड्याचं घर बघायला जातो तेव्हा आपण पाणी किती वाजता येतं, स्टेशन चालत किती, नॉनव्हेज चालेल का, ब्रोकरेज किती, डिपॉझिट किती हे सगळं विचारतो, पण दरवाजाच्या मागचा डीबी, म्हणजे एमसीबीचा (जास्त लोड आला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा) डबा, तो उघडूनसुद्धा बघत नाही. ओनर दोन ट्यूब लावून दाखवतो, पंखा फिरवतो, "लाइटचं सगळं ओके आहे" म्हणतो, झालं. अकरा महिन्यांनी आपण जातो, दुसरे येतात, वायरिंग तेच, बिल्डरने टाकलेलं.

मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची. शहरात बेस्ट, उपनगरात अदानी नाहीतर टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. मीटरच्या पुढचं सगळं ग्राहकाचं, आणि ग्राहक म्हणजे बिलावर नाव असेल तो, म्हणजे ओनर. राहतो आपण. ओनर बघत नाही कारण तो राहत नाही, भाडेकरू बघत नाही कारण घर त्याचं नाही. हे मला फार लागतं, कारण घरात लहान मुलं असतात.

आमचं घर गोरेगावात. मुलगी सहा वर्षांची, आंघोळीला गेली की ओरडायची "मम्मी नळ चावतो". मी हात लावून बघितला तर गीझर चालू असताना बारीक झिणझिण्या येत होत्या. त्याच दिवशी परवानावाला वायरमन शोधून आणला. त्याने मेन बंद करून गीझरचा १६ अँपिअरचा सॉकेट उघडला, आत हिरवी, म्हणजे लीक झालेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची वायर होती पण कुठेच जोडलेली नाही, टोक गोल गुंडाळून वर काळी टेप, आणि टेपचा गोंद उन्हाळ्यात पाघळून बोटाला चिकटत होता. म्हणजे बाहेरून तीन पिनचा सॉकेट, आत अर्थिंग शून्य. गीझरचं कॉइल लीक झालेलं, त्या करंटला जायला वाट नाही म्हणून तो पाण्यातून नळात. आणि आरसीसीबी, म्हणजे करंट लीक झाला की लाइन तोडणारा स्विच, घरात नव्हताच. ओनरकाकांना व्हिडिओ पाठवला, ते बिचारे संध्याकाळीच आले, गीझर बदलला, आरसीसीबी बसवला, खर्च त्यांनीच केला. आधीच्या भाडेकरूंनी कधी काही सांगितलंच नाही म्हणाले.

तुमच्याकडे काय झालं, कोणी तपासलं, पैसे कोणी दिले, ॲग्रीमेंटमध्ये काही लिहून घेतलंत का, सगळं लिहा. ओनर लोकांनी पण लिहा.

लालबागकर

आमचं प्रकरण वेगळं, आम्ही पागडीवाले, म्हणजे आधी एकरकमी पागडी देऊन जुन्या नाममात्र भाड्यावर राहणारे. लाकडी जिना आणि त्याच जिन्याच्या खाली सगळ्या खोल्यांचे मीटर, वायरी लाकडी पट्टीतून गेलेल्या, फ्यूज अजून चिनीमातीचे किटकॅट. फ्यूज उडतो म्हणून कोणीतरी त्यात फ्यूज वायरच्या जागी तांब्याच्या वायरीचे चार पदर पिळून घातलेले, आता तो फ्यूज काय उडणार, त्याच्या आधी वायर पेटेल. आग लागली तर उतरायचा रस्ता तोच जिना, वरच्या मजल्यावर म्हातारी माणसं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याच्या कलम १४ मध्ये घर दुरुस्त ठेवायची जबाबदारी मालकावर आहे. मालक करत नसेल तर निदान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो. ऐकायला छान, पण वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापेक्षा जास्त कापता येत नाही. आमचं पागडीचं भाडं महिना दोनशे रुपये धरा, वर्षाचे २४०० झाले, त्याचा पाव हिस्सा ६००. सहाशे रुपयात आज चांगली वायर किती मीटर येते सांगा.

शेवटी चाळीतल्या सगळ्या खोल्यांनी वर्गणी काढली, नोटीस तरी रीतसर पाठवली, पोचपावती जपून ठेवलीय. लायसन्सवाला कॉन्ट्रॅक्टर आणला, किटकॅट काढून एमसीबी बसवले, जिन्याखालचा भंगार, पत्रे, जुन्या गाद्या सगळं साफ केलं. ज्यांच्याकडे मीटर जिन्याखाली आहेत त्यांनी निदान तेवढी अडगळ तरी आजच्या आज काढा, त्याला पैसे लागत नाहीत.

वायरमन_कांदिवली

मी या लाईनीतला, बोरिवली कांदिवली साईडला काम करतो. एक गोष्ट लोकांना समजवून समजवून थकलो. एमसीबी आहे म्हणजे शॉकपासून वाचलो असं नाही. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. १६ चा एमसीबी १६ अँपिअरच्या वर लोड गेला की पडणार, १६ अँपिअर म्हणजे १६००० मिलीअँपिअर, आणि माणसाच्या छातीतून त्यातले पन्नासेक मिलीअँपिअर गेले तरी हार्ट बंद पडू शकतं. आरसीसीबी काय करतो, फेजमधून, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीतून, जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या वायरीतून, परत आला का ते बघतो, कमी आला म्हणजे कुठेतरी लीक होतोय, तोडून टाकतो. घराला ३० मिलीअँपिअरचा लावा. १०० चा आणि ३०० चा पण मिळतो दुकानात, तो माणसासाठी नाही.

दुसरं पावसाळ्यात हमखास फोन येतो, भाऊ आरसीसीबी सारखा पडतोय, काढून डायरेक्ट करून द्या. मी करत नाही. तो पडतोय कारण भिंतीत ओल आलीय नाहीतर कुठलं मशीन लीक करतंय, त्याचं काम तो करतोय. पण डायरेक्ट करून देणारे भेटतात, शंभर-दोनशे रुपयात. म्हणून भाड्याच्या घरात गेल्यावर पहिलं टेस्टचं बटन दाबा, टी लिहिलेलं असतं. दाबल्यावर लाइट गेली पाहिजे. नाही गेली तर एकतर तो खराब आहे नाहीतर नुसता शोला बसवलाय. महिन्यातून एकदा तरी दाबत जा.

आणि तीन लाइटवाला सॉकेट टेस्टर मिळतो तो घ्या पण त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. अर्थिंग नसलं की काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनीला जंपर, म्हणजे वायरीचा तुकडा, मारतात, मग टेस्टर सगळं बरोबर दाखवतो. त्यात मागून न्यूट्रल तुटला की फ्रिजची अख्खी बॉडी लाइव्ह. बोर्ड उघडल्याशिवाय हे दिसत नाही.

विक्रोळीची_वैनी

दादा हे एमसीबीचं तुम्ही लिहिलंत ते आमच्या कन्नमवारनगरच्या घरात झालेलं. आधीच्यांनी एसी लावला होता, एमसीबी पडायचा म्हणून १६ चा काढून ३२ चा टाकला, वायर तीच बारकी. आम्ही राहायला गेलो तर एसी चालू असताना भिंतीला हात लावला की पट्टीवर गरम लागायचं, आणि सॉकेटच्या कडेला पिवळट तपकिरी डाग, जळका वास. एसीला वेगळी लाईन ओढून घेतली ४ स्क्वेअर एमएमची, २० चा एमसीबी. ओनरने निम्मे दिले, निम्मे आम्ही. भांडून काय करणार, झोपायचं तर आम्हालाच होतं तिथे.

मुलुंडचा_ओनर

ओनर म्हणून लिहितो. माझा एक वन बीएचके भाड्याने असतो. प्रत्येक भाडेकरू बदलताना मी रंग काढतो आणि त्याच्या आधी वायरिंग तपासून घेतो, कारण नंतर भिंत फोडायची तर रंग वाया. सगळी मशीन काढून मेगर लावायचा, त्यात ५०० व्होल्टला वायरीचं इन्सुलेशन किती चांगलं ते कळतं, एक मेगाओमच्या खाली आलं तर ती लाईन शोधायची. अर्थिंग प्रत्येक सॉकेटला, आरसीसीबीला टेस्टिंगचं मशीन लावून तो खरोखर किती करंटला आणि किती वेळात पडतो ते, आणि डीबीतले सगळे स्क्रू टाइट. हा शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात, ढिला स्क्रू म्हणजे ठिणगी. रिपोर्ट कॉन्ट्रॅक्टरच्या लेटरहेडवर, लायसन्स नंबर आणि सहीसकट, आणि त्याची कॉपी लीव्ह अँड लायसन्सला, म्हणजे भाड्याच्या ॲग्रीमेंटला, जोडतो.

काही ओनर मित्र म्हणतात हे कोणी मागितलं तुला. अरे घर माझं आहे, उद्या तिथे कोणाचं मूल गेलं तर मी कुठल्या तोंडाने त्या घराचं भाडं खाणार?

आत्या_चेंबूर

माझी भाची इंग्लंडात लीड्सला भाड्याने राहते, तिने सांगितलेलं लिहिते. तिकडे २०२० पासून खाजगी भाड्याच्या घरांना नियमच केलाय, ओनरने निदान दर पाच वर्षांनी लायक माणसाकडून सगळं वायरिंग तपासून घ्यायचं, नवीन भाडेकरूला तो राहायला यायच्या आधी रिपोर्ट द्यायचा आणि आधीपासून राहत असलेल्याला तपासणीनंतर २८ दिवसांत. रिपोर्टमध्ये सी१ म्हणजे आत्ताच धोका, सी२ म्हणजे धोका होऊ शकतो, सी३ म्हणजे सुधारलं तर बरं. सी१ सी२ आलं तर २८ दिवसांत दुरुस्ती, नाहीतर कौन्सिल दंड लावते. (हे इंग्लंडचं, स्कॉटलंडचे नियम वेगळे.) तिच्या घराला बाथरूमच्या पंख्यावरून सी२ आला होता आणि ओनरने कुरकुर न करता बदलला, कारण कागदावर आलं होतं.

आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम आहेत, २०१० चे होते त्याच्या जागी २०२३ चे आले, त्यात अर्थिंग आहे, लीकेज प्रोटेक्शन आहे. पण भाडेकरू बदलला म्हणून कोणी दारात येऊन बघतंय आणि रिपोर्ट हातात देतंय असं मी तरी कुठे बघितलं नाही. ते व्हायला हवं. पोलीस व्हेरिफिकेशन होतं, ॲग्रीमेंट रजिस्टर होतं, त्याच्यासोबत हा एक कागद का नको?

पीजीवाली

अंधेरीत पीजीत आहे, एका खोलीत चौघी. एका एक्स्टेन्शन बोर्डवर इंडक्शन, इस्त्री, केटल आणि चार चार्जर. काकूंना सांगितलं तर म्हणतात जास्त वापरू नका. इथलं वाचून काल टेस्टचं बटन शोधायला गेले तर डीबीला कुलूप आहे. रात्री काही झालं तर मेन कोण बंद करणार हे मी त्यांना विचारलं, आज किल्ली दारामागे खिळ्याला लटकलीय. इंडक्शन भिंतीतल्या १६ च्या सॉकेटला वेगळं लावतोय आता, एक्स्टेन्शनवर फक्त चार्जर.

दादरकर_६०

आमच्या शेजारी भाड्याने राहणाऱ्या जोडप्याचं सांगतो. वॉशिंग मशीन, ओली फरशी, ती अनवाणी, बॉडीला हात लागला आणि हात चिकटला. नवरा धावत तिला ओढायला निघाला, माझ्या बायकोने त्याला दरवाजातच अडवला आणि आधी मेन खाली केला. त्या अर्ध्या क्षणात दोघं गेले असते. घरातल्या प्रत्येकाला मेन कुठे आहे ते माहीत पाहिजे, पोरांना सुद्धा. मेन हाताशी नसेल तर कोरडी लाकडी काठी, कोरडा प्लॅस्टिकचा स्टूल, माणसाला हात नाही लावायचा. आणि नंतर ती म्हणत होती मी बरी आहे, चहा करते, तरी तिला हॉस्पिटलात नेऊन ईसीजी काढला, शॉकनंतर ठोके काही वेळाने पण बिघडू शकतात.

नवीन_भाडेकरू

पुढच्या महिन्यात मालाडला शिफ्ट होतोय, टोकन दिलंय. ओनरला हे सगळं सांगितलं तर घर हातचं जाईल का? ॲग्रीमेंटमध्ये नेमकं काय लिहू?

धागाकर्ती

@नवीन_भाडेकरू, मी माझ्या रिन्यूअलला टाकलेलं वाक्य देते, तसंच घ्या हवं तर : "ताबा देण्यापूर्वी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून घरातील वायरिंग, अर्थिंग व आरसीसीबीची तपासणी करून अहवालाची प्रत लायसन्सीला दिली जाईल, अहवालातील दोषांची दुरुस्ती लायसन्सर स्वखर्चाने करेल." (लायसन्सी म्हणजे भाडेकरू, लायसन्सर म्हणजे ओनर.) घासाघीस करायची तर दुरुस्तीच्या दुसऱ्या भागावर करा, तपासणीचा पहिला सोडू नका. तपासणीची फी मी देतो म्हणालात तर बहुतेक ओनर नाही म्हणत नाहीत, आणि टोकन दिलंय म्हणजे आत्ता तुमचा शब्द चालतो, सामान आल्यावर चालत नाही. कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स बघायला मागा, ते राज्य सरकार देतं. आणि बिलावरचा मंजूर भार बघून घ्या, एसी गीझर दोन्ही लावणार असाल तर तो वाढवायला ओनरचीच सही लागेल.

सोसायटी_कमिटी

गोरेगावच्याच एका सोसायटीच्या कमिटीत आहे. आग विझवायच्या यंत्रणेचा फॉर्म बी, म्हणजे ती चालू असल्याचा दाखला, आम्ही दर जानेवारी आणि जुलैला भरतो, राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे, त्यामुळे सगळ्यांना वाटतं बिल्डिंग तपासलेली आहे. पण त्यात फ्लॅटच्या आतलं वायरिंग येत नाही, तो वेगळाच विषय. हा धागा वाचून मी रविवारी मीटर रूम उघडायला लावली. अर्थिंगच्या खड्ड्यावर (बिल्डिंगचं अर्थिंग जिथे जमिनीत जातं तो) कोणीतरी टाइल्स बसवून टाकलेल्या, आणि तिथून मीटर रूममध्ये येणारी जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेली लोखंडी पट्टी खालून गंजून तुटलेली, हाताने हलवली तर हलत होती. म्हणजे ज्यांनी घरात हजारो रुपये घालून अर्थिंग करून घेतलं त्यांची हिरवी वायर सुद्धा शेवटी तुटलेल्या पट्टीला जाऊन थांबत होती, ओनर असो की भाडेकरू.

कमिटीत एकजण म्हणाले एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, घेऊ. मी फोटो सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला, दोन तासांत चाळीसेक मेसेज. बाहेरच्या बाजूला नवीन दोन खड्डे घ्यायचं ठरलंय, तांब्याची पट्टी, कोटेशन आलंय, खोदकाम सोमवारपासून. काम झाल्यावर अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजून आकडा नोटीस बोर्डावर लावणार, इथे पण टाकतो.