समुद्राजवळ राहता ना, मग हवेच्या नावानं रडता कशाला?

खिडकीबंद
वरचं वाक्य माझं नाही. काल एका पोस्टमध्ये वाचलं: ‘समुद्राचा वारा किनाऱ्यावरची हवा रोज झाडून काढतो, रडायचं तर आम्ही आतल्या शहरांनी.’ डोकं फिरलं. अहो, झाडतो खरा, पण केर टाकतो कुठे? खारे वारे, मतलई वारे शाळेत घोकले होते ना? रात्री मतलई वारा शहराचा धूर समुद्रावर नेऊन ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी खारा वारा त्यातलाच बराचसा परत घेऊन येतो. आमच्या घराच्या आणि किनाऱ्याच्या मधोमध एक कारखाना आहे. दुपारी दीडला पडदा आत फुगतो, जरा बरं वाटतं, आणि पाच मिनिटांत तो वास. आता पडदा हलला की आई मुकाट्यानं उठून खिडकी लावते. मागच्या बाजूला डोंगर, म्हणजे धूर पुढे जाणार तरी कुठे?

आतल्या_शहरातला
पोस्ट माझीच. कारखान्याचं पाप समुद्राच्या माथी का मारता? पावसाळ्यात तुमची हवा धुऊन निघते की नाही? आमच्याकडे थंडीत दिवसेंदिवस पान हलत नाही.

खिडकीबंद
निघते. आणि तेच चार महिने मिसळून वर्षाची सरासरी गोड करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये बारीक कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. उरलेल्या आठ महिन्यांचं बोला.

धुरांडं
चिमणी उंच केली की झालं, असंही सांगतात. पाण्यावरची हवा गार, शांत. तिच्यातून धुराचा पट्टा न विस्कटता येतो. तापलेल्या जमिनीवर पोचला की तिथली घुसळण त्याला थेट खाली आणते. बरोबर वस्तीवर.

परदेशी_पाहुणा
सगळे थंडी-थंडी करताय. लॉस एंजेलिसला समुद्र नाही का? १९४३ च्या जुलैमध्ये भर उन्हाळ्यात तिथे लोकांचे डोळे चुरचुरले होते. खाली समुद्रावरची गार हवा, वर गरम हवेचं झाकण, मागे डोंगर. त्यात गाड्यांच्या धुरावर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन, श्वासाला घातक. तिथे उन्हाळाच वैरी.

साडेपाच_म्हणजे_साडेपाच
एवढा काथ्याकूट कशाला? पहाटे फिरायला जा, शुद्ध हवा मिळते. अठरा वर्षं जातोय, साधी सर्दी नाही.

धुरांडं
काका, थंडीत नेमकी तीच वेळ वाईट. रात्रभर जमीन गार होते, गरम हवेचं झाकण खाली येतं, वारा पडलेला. त्यात सकाळच्या गाड्या सुरू होतात. दुपारी ऊन तापून हवा वर उठली की कुठे धूर पातळ होतो.

साडेपाच_म्हणजे_साडेपाच
म्हणजे आमचे वाडवडील मूर्ख?

धुरांडं
त्यांच्या वेळी रस्त्यावर इतक्या गाड्या होत्या का?

खिडकीबंद
विषय खारा वारा होता.

पाचवा_मजला
काकांची बाजू घेतो. मी हवा मोजायचं यंत्र आणलंय. पहाटे आकडा भडकतो हे खरं, पण दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि स्वस्तातलं यंत्र फसतं. एकदा समुद्र खवळला तेव्हाही लाल झालं होतं. मीठसुद्धा धुळीतच मोजतंय लेकाचं! बायको म्हणते, यंत्र विका आणि झोपा.

साडेपाच_म्हणजे_साडेपाच
बघा! यंत्रं खोटी.

धुरांडं
आकडा थोडा फुगतो, काका. धूर खोटा ठरत नाही. गेल्या थंडीत पहाटेच्याच फेरीत माझ्या वडिलांना धाप लागून बाकावर बसावं लागलं. तुमची अठरा वर्षं तुम्हाला लखलाभ.

साडेपाच_म्हणजे_साडेपाच
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण सुरात बोला जरा.

आतल्या_शहरातला
बरं, पोस्टमधला ‘रोज’ शब्द काढतो. बाकी तशीच ठेवणार. तुमचा वारा दुपारी का होईना, येतो तरी.

खिडकीबंद
उपकार झाले. या एकदा दुपारी दीडला, खिडकी उघडी ठेवते.

साडेपाच_म्हणजे_साडेपाच
धुरांडंसाहेब, समजा मी थंडीपुरता दुपारी चारला जायला लागलो, तर सोबत कोण? साडेपाचला आम्ही सातजण असतो.