शेवंतीचे वाण दीर्घकाळ जपायचे आहेत: बाटलीत ठेवावेत की द्रव नायट्रोजनमध्ये?

प्रश्न
आमच्याकडे शेवंतीचे साठ वाण टिश्यू कल्चरच्या बाटल्यांत जपलेले आहेत. दर सहा-सात आठवड्यांनी सबकल्चर (रोपे ताज्या माध्यमावर हलवणे) करावे लागते. गेल्या वर्षी एका रॅकवर बुरशी पसरली आणि तीन वाण कायमचे गेले. लेबल लावताना चूक झाली, तर ती फुले येईपर्यंत लक्षातही येत नाही. बियांपासून येणारे रोप मूळ वाणासारखे निघत नसल्याने तो मार्ग बंद आहे. सगळे वाण थेट द्रव नायट्रोजनमध्ये ठेवणे शहाणपणाचे ठरेल का?

उत्तर १
आधी सबकल्चरचे अंतर वाढवून पाहा. एमएस (मुराशिगे-स्कूग) या नेहमीच्या पोषक माध्यमातील क्षार निम्मे करून, थोडे मॅनिटॉल (वाढ मंदावणारा साखरेसारखा पदार्थ) घालून बाटल्या 4 ते 5 अंश सेल्सिअसला मंद प्रकाशात ठेवल्यास शेवंतीची वाढ इतकी मंदावते की अनेक वाणांना सहा महिने ते वर्षभर हात लावावा लागत नाही. उष्ण प्रदेशातील ऑर्किड किंवा अँथुरियम मात्र एवढ्या थंडीत काळवंडतात. त्यांना तुलनेने उबदार खोलीच लागते. बुरशीचा आणि लेबलांचा धोका याने कमी होतो, पण संपत नाही.

उत्तर २
कायमस्वरूपी साठ्यासाठी द्रव नायट्रोजनच्या उणे 196 अंशांना पर्याय नाही, कारण त्या तापमानाला पेशींतील जीवरासायनिक क्रिया जवळजवळ थांबतात. खरी अडचण थंडीची नसून पाण्याची आहे: पेशीतील पाण्याचे स्फटिक झाले की पेशींची पटले (पातळ आवरणे) फाटतात. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली रोपाचा एक ते दोन मिलिमीटरचा वाढता शेंडा काढून त्याला आधी साखरेच्या तीव्र माध्यमावर ठेवतात, मग ग्लिसरॉल आणि साखरेच्या द्रावणात आणि शेवटी पीव्हीएस-२ या गोठणरोधक द्रावणात बुडवतात. त्यात 30 टक्के ग्लिसरॉल, 15 टक्के इथिलीन ग्लायकॉल आणि 15 टक्के डीएमएसओ (डायमिथिल सल्फॉक्साइड) असते. हे द्रावण पाणी ओढून घेते, पण विषारीही असते. त्यामुळे ही पायरी शून्य अंशाला करावी आणि प्रत्येक वाणासाठी योग्य वेळ आधी शोधावी. त्यानंतर अॅल्युमिनियमच्या पट्टीवरील थेंबात शेंडा ठेवून पट्टी सरळ नायट्रोजनमध्ये सोडतात. थेंब काचेसारखा पारदर्शक राहिला तर काम साधले. दुधी झाला तर त्यात बर्फ धरला, असे समजावे. बाहेर काढताना पट्टी साधारण तापमानाच्या 1.2 मोलर साखरेच्या द्रावणात झटकन बुडवावी, कारण हळूहळू वितळतानाही स्फटिक बनतात. नंतर काही दिवस शेंडे अंधारात ठेवावेत.

उत्तर ३
वरील पद्धत योग्य आहे, पण शेवंतीच्या बाबतीत एक गोष्ट राहिली. तिचे बरेच वाण, विशेषतः अचानक रंग बदलून मिळालेले, कायमेरा असतात: शेंड्यातील वरचा थर एका जनुकीय प्रकारचा, आतला दुसऱ्या. गोठवल्यावर शेंड्यातील सर्व पेशी जगत नाहीत. उरलेल्या मोजक्या पेशींतून नवा फुटवा तयार झाला, तर थरांची रचना मोडून फुलाचा रंग बदलू शकतो. गाठीसारखा कॅलस (अवयव न बनलेल्या पेशींचा गोळा) धरून त्यातून आलेली रोपे तर मी या कामासाठी सरळ टाकून देतो. अशा वाणांची गोठवून उगवलेली रोपे फुलावर आणून पाहिल्याशिवाय मूळ बाटल्यांतला साठा बंद करू नये.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. प्रत्येक वाणाचे किती शेंडे ठेवावेत?

उत्तर २
ते पुनरुज्जीवनाच्या प्रमाणावर ठरते. चाचणीत 40 टक्के शेंडे उगवत असतील, तर दहा ठेवल्यावर एकही न उगवण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते. प्रमाण 20 टक्के असेल तर तीच शक्यता सुमारे 11 टक्के होते आणि वीस शेंडे ठेवूनच ती एक टक्क्याजवळ येते. म्हणून चाचणी न करता साठा केला असे म्हणू नये. शिवाय निम्मे शेंडे दुसऱ्या इमारतीतील टाकीत ठेवावेत. एक लिटर द्रव नायट्रोजनचा जवळपास 700 लिटर वायू होतो आणि तो खोलीतील प्राणवायूची जागा घेतो. त्यामुळे टाकी बंद खोलीत ठेवू नका आणि हवेतील प्राणवायू मोजणारे यंत्र तिथे नक्की लावा.